कमी आणि निकामी : रक्तातील बिंबाणूंच्या परिभाषेविषयी काही विचार

पावसाळा सरत आला म्हणजे सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांतील रुग्णालयांच्या व्हरांड्यांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : “पेशी किती?” विचारणारा बहुधा रुग्णाचा चुलता किंवा मेहुणा असतो, आणि उत्तरही नुसत्या आकड्यात येते : “काल चाळीस होत्या, आज अठ्ठावीसवर आल्या.” आकडे हजारांतील आहेत हे कोणास सांगावे लागत नाही. रुग्णास डेंग्यूचा ताप आहे, हेही सांगावे लागत नाही. बाहेर फळवाल्याच्या गाड्यावर किवी आणि ड्रॅगनफ्रूट ह्यांची रास कशासाठी लागली आहे, हेही सर्वांस ठाऊक असते. मात्र “पेशी म्हणजे कोणत्या पेशी?” असे विचारले असता बहुतेक जण “पांढऱ्या” असे उत्तर देतात. वस्तुतः ज्यांची मोजदाद चाललेली असते त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. किंबहुना काटेकोर अर्थाने त्या पेशीच नव्हेत. इंग्रजीत त्यांस प्लेटलेट म्हणतात. मराठी विश्वकोशाने त्यांस बिंबाणू म्हटले आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषाविज्ञानाचा असून रक्तविज्ञानात त्यास कोणताही अधिकार नाही. तथापि एखाद्या वस्तूस दिलेले नाव त्या वस्तूविषयी काय विचारावे आणि काय विचारू नये हे पुष्कळदा ठरवून टाकते, ही गोष्ट भाषाभ्यासकांच्या नेहमीच्या अनुभवातील आहे. रक्तातील ह्या सूक्ष्म घटकांचा, तसेच त्यांच्यापासून निघणाऱ्या त्यांहूनही सूक्ष्म कणांचा इतिहास हे त्याचे इतके बोलके उदाहरण आहे की, ते केवळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर सोपवून मोकळे व्हावे असे वाटत नाही. ह्या विषयाकडे वळण्यास लेखकाच्या कुटुंबातील एक प्रसंगही कारण झाला; तो पुढे यथास्थळ येईल.

प्रथम ‘पेशी’ हा शब्द घेऊ. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशींची संख्या पाचशे सांगितली आहे, ती ह्याच अर्थाने. हिंदीने हा अर्थ राखला. तेथे मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि ‘सेल’ ह्या अर्थी कोशिका. मराठीत शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘सेल’ ह्या अर्थी पेशी हा शब्द रूढ केला, तर विश्वकोशाने कोशिका पत्करला. आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या भाषेत बोलावयाचे तर कोशिका हा शब्द यौगिक आहे, म्हणजे त्याचा अर्थ त्याच्या घटकांतून उलगडतो. पेशी हा ह्या अर्थी निव्वळ रूढ आहे. बोलीने नेहमीप्रमाणे रूढ शब्द उचलला, आणि शाळेत तांबड्या पेशी व पांढऱ्या पेशी अशी दोनच नावे पक्की पाठ झालेली असल्यामुळे, जो तिसरा घटक नावावाचून राहिला तो त्यांतल्या त्यांत रिकाम्या वाटणाऱ्या ‘पांढऱ्या’ ह्या खणात जाऊन बसला. डेंग्यूत खऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात, त्यामुळे ह्या घोटाळ्यास रक्ततपासणीच्या कागदाकडूनच अर्धामुर्धा पाठिंबा मिळतो. आज रुग्णालयाच्या बोलीत ‘पेशी’ ह्या शब्दाचा पुरा अर्थसंकोच झालेला आहे. “पेशी चढवल्या”, “पेशीची पिशवी आणायला रक्तपेढीत गेलाय” ह्या वाक्यांत पेशी म्हणजे केवळ प्लेटलेट.

‘बिंबाणू’ हा शब्द ज्या विश्वकोशात भेटतो त्याचे कार्यालय सातारा जिल्ह्यातच, वाई येथे आहे. १९६० साली राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईस सुरू झाले. १९७३ साली परिभाषासंग्रह आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. हिंदीच्या वैज्ञानिक परिभाषेतही बिंबाणु हाच शब्द आहे. शब्द नेटका आहे. बिंब म्हणजे सूर्याची किंवा चंद्राची तबकडी. स्वस्थ स्थितीतील प्लेटलेटचा आकारही तसाच, दोन-तीन मायक्रॉन व्यासाच्या चपट्या चकतीसारखा असतो. आणि शब्दात ‘पेशी’ किंवा ‘कोशिका’ नाही, हे त्याचे सर्वांत मोठे पुण्य; कारण बिंबाणूस केंद्रक नसते, तो अस्थिमज्जेतील एका प्रचंड कोशिकेचा सुटून आलेला अंश असतो. तरीसुद्धा वाईला वापरात आलेला हा शब्द त्याच कृष्णेच्या काठी असलेल्या सांगलीपर्यंत पोचला नाही. १८९४ साली विल्यम वॉनलेस ह्यांनी जेथे रुग्णालय उघडले आणि १९६२ साली जेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्या मिरजेसारख्या वैद्यकाच्या गावीही तो कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही.

असे का झाले असावे? केवळ संस्कृतप्रचुरतेचे कारण पुरेसे नाही. जीवाणू आणि विषाणू हे शब्द तितकेच संस्कृत असून आज ते बाजारातही चालतात. लेखकाच्या मते अडचण नेमकी तेथेच आहे. जीवाणू, विषाणू, रोगाणू, कीटाणू ह्या मालिकेमुळे ‘-आणू’ हा शब्दांश मराठी कानास आता रोगजंतूंचा वाटतो. (शुक्राणू हा अपवाद, पण तो शब्द चारचौघांत उच्चारला जात नाही.) अशा कानावर “तुमचे बिंबाणू कमी झाले आहेत” हे वाक्य पडले, तर ऐकणाऱ्यास हायसे वाटण्याचाच संभव अधिक. परिभाषा करणाऱ्यांनी व्युत्पत्ती पाहिली, शब्दाचे शेजारी पाहिले नाहीत. हा दोष १९६०च्या सुमाराचा म्हणता येणार नाही. त्या वेळी विषाणू हा शब्द तरी कितीजणांस ठाऊक होता?

युरोपीय भाषांतही ह्या घटकाच्या नावाचा प्रवास सरळ झालेला नाही. १८६५ साली बॉन येथे माक्स शुल्त्से ह्यांनी रक्तातील बारीक कणांच्या पुंजक्यांचे वर्णन केले आणि त्यांचा अधिक अभ्यास व्हावा अशी शिफारस केली. फ्रान्समधील आयेम ह्यांनी ह्या कणांस हेमॅटोब्लास्ट असे नाव दिले. ह्या नावात एक सिद्धान्त दडलेला होता : ‘ब्लास्ट’ म्हणजे अंकुर, म्हणून हे कण तांबड्या कोशिकांचे अंकुर होत. सिद्धान्त चुकीचा होता, पण नाव घेणाऱ्यास तो आपोआप मान्य करावा लागे. १८८२ साली तुरीन येथील जूल्यो बिझोझेरो ह्यांनी जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिन्यांत ह्या कणांचे निरीक्षण केले. वाहिनीस इजा होताच ते तेथे सर्वप्रथम चिकटतात हे दाखविले. आणि त्यांस ‘पियास्त्रीने’ म्हणजे लहान तबकड्या असे नाव दिले. हे नाव दिसते तेवढेच सांगते, अधिक काही सांगत नाही. आणि त्यामुळेच ते टिकले. इंग्रजी प्लेटलेट, जर्मन प्लेट्खेन आणि आपला बिंबाणू ही त्याचीच वंशावळ. ग्रीक धाटणीचा थ्रॉम्बोसाइट हा शब्द मात्र त्यास पुन्हा कोशिका ठरवितो. पक्ष्यांच्या बाबतीत ते खरे आहे, कारण त्यांच्या थ्रॉम्बोसाइटांस केंद्रक असते. माणसाच्या बाबतीत नाही. माणसाचे बिंबाणू अस्थिमज्जेतील महाकोशिकांपासून तुटून निघतात, हे जेम्स होमर राइट ह्यांनी १९०६ साली दाखविले. आयेम ह्यांच्या नावातील अंकुर तेथे कायमचा खुडला गेला.

ह्यानंतर लवकरच बिंबाणूंच्या इतिहासात आकडा आला. १९१० साली डब्ल्यू. डब्ल्यू. ड्यूक ह्यांनी, ज्यांचे बिंबाणू फार घटले आहेत अशा रुग्णांस दुसऱ्याचे रक्त दिल्यावर बिंबाणूंची संख्या वाढते व रक्तस्राव थांबतो, असे नोंदविले. संख्या आणि स्राव ह्यांचा संबंध स्पष्ट झाला. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. प्रत्येक आठ ते दहा दिवस जगतो, आणि शरीर रोज सुमारे शंभर अब्ज नवे तयार करते. यंत्राने ही मोजणी काही क्षणांत होऊ लागली तेव्हा आकड्याचे राज्य निर्वेध झाले. व्हरांड्यातील “पेशी किती?” हा प्रश्न ह्याच राज्याची प्रजा होय. आकडा वीस हजारांखाली गेला की नातेवाईक पिशवीसाठी धावतात. परंतु सिंगापूर व मलेशिया येथे डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, बिंबाणू वीस हजारांवर किंवा त्याखाली आले असताना केवळ खबरदारी म्हणून बिंबाणू दिल्याने रक्तस्राव टळण्याच्या दृष्टीने अधिक लाभ झाल्याचे दिसून आले नाही. रक्तस्राव होतच असेल तर गोष्ट वेगळी. पिशवीतील बिंबाणू २० ते २४ अंश सेल्सियस तपमानात, सतत हलविणाऱ्या यंत्रावर ठेवून जेमतेम पाच दिवस टिकतात. त्यामुळे आकड्याच्या भीतीपोटी आज एकास दिलेली पिशवी उद्या दुसऱ्या खऱ्या गरजवंतास मिळत नाही.

ग्रीक भाषेने मात्र येथे एक भेद जपून ठेवला आहे, आणि तो आपल्या बोलीत हरवला आहे. बिंबाणू कमी असण्यास थ्रॉम्बोसायटोपीनिया म्हणतात. ‘पीनिया’ म्हणजे दारिद्र्य. १९१८ साली बर्न येथील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान ह्यांनी एका आनुवंशिक रक्तस्रावी विकाराचे वर्णन केले, त्यास त्यांनी थ्रॉम्बॅस्थेनिया असे नाव दिले. ‘अस्थेनिया’ म्हणजे दौर्बल्य. ह्या रुग्णांच्या रक्तात बिंबाणू भरपूर असतात, दिसण्यातही ठीक असतात, पण जखमेपाशी ते एकमेकांस धरू शकत नाहीत. ज्या ग्राही प्रथिनाच्या साहाय्याने ते फायब्रिनोजेनाची दोरी पकडून परस्परांत गुंफले जातात, तेच त्यांच्या पृष्ठावर नसते किंवा सदोष असते. दारिद्र्य निराळे आणि दौर्बल्य निराळे. “पेशी किती?” ह्या प्रश्नास दौर्बल्य दिसत नाही.

आता तो प्रसंग. लेखकाची धाकटी बहीण खानापूर तालुक्यातील एका गावी, मामाच्याच घरी दिलेली आहे. तिच्या मुलीचा घोळणा वरचेवर फुटे. अंगावर काळेनिळे डाग उठत. दुधाचा दात पडला तेव्हा दोन दिवस रक्त थांबले नाही. तपासणीचा कागद घेऊन मेहुणे लेखकाकडे आले, कारण घरात इंग्रजी शिकलेला, त्यातही ‘डॉक्टर’ ही उपाधी लावणारा तोच एक. कागदावर बिंबाणूंपुढे ‘ॲडिक्वेट’ असा शब्द होता. लेखकाने भाषांतर केले : “पेशी पुरेशा आहेत. रक्तात दोष नाही.” पहिले वाक्य कागदावर होते, दुसरे नव्हते. ते भाषांतरकाराचे होते, आणि भाषांतराच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या ज्या चुकीस त्याने वर्षानुवर्षे तांबड्या शाईने रेघ मारली, तीच ती चूक होती. त्या दुसऱ्या वाक्यावर विसंबून घरच्यांनी चार वर्षे काढली. मुलगी तेराव्या वर्षी ऋतुमती झाली तेव्हा स्राव अकरा दिवस थांबला नाही, आणि ती पांढरीफटक होऊन मिरजेच्या एका रुग्णालयात दाखल झाली. तेथील एका तरुण डॉक्टरांनी आकडा बाजूस ठेवून लहानपणापासूनची हकिकत विचारली आणि तिला मुंबईस पाठविले. निदान झाले : ग्लान्झमान ह्यांचा विकार. आज ती महाविद्यालयात आहे. कोणती औषधे घ्यावयाची नाहीत, दात काढण्यापूर्वी काय करावयाचे, हे सर्व तिला पाठ आहे. निदानाच्या दिवशी बहिणीने दूरध्वनीवर जे सांगितले ते येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण लेखकास न सुचलेले भाषांतर तिने केले होते : “दादा, पेशी कमी नाहीत. निकामी आहेत.”

कमी हा फारसीतून आलेला शब्द, निकामी ‘काम’ ह्या देशी शब्दापासून झालेला. दोहोंचे नाते केवळ ध्वनीचे, व्युत्पत्तीचे नव्हे. परंतु पीनिया आणि अस्थेनिया ह्यांमधील जो भेद ग्रीकांकडून उसना घ्यावा लागतो, तो मराठीत ह्या दोन साध्या शब्दांनी पुरता होतो, हे मान्य केले पाहिजे.

ह्या विकाराची आनुवंशिकता अप्रभावी स्वरूपाची असते. सदोष जनुक आई व बाप दोघांकडून आले तरच विकार प्रकट होतो. त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाह जेथे रूढ आहेत तेथे तो अधिक आढळतो. मामाची मुलगी करण्याची चाल कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात अजून पुष्कळ आहे. तिच्याविषयी येथे निवाडा द्यावयाचा नाही, परंतु घोळणा वारंवार फुटणाऱ्या मुलाचे आईबाप नात्यातील आहेत काय, हा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुसरी अडचण अंतराची. बिंबाणूंची संख्या गावोगावच्या प्रयोगशाळा सांगतात. त्यांचे काम पाहावयाचे तर रक्त काढल्यापासून सुमारे चार तासांच्या आत, विशेष यंत्रावर, ते एकमेकांस धरतात की नाही हे तपासावे लागते. सांगलीहून मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. नळीतील रक्त एवढ्या प्रवासात परीक्षेस बसण्यालायक उरत नाही. रुग्णासच जावे लागते.

येथवर आपण बिंबाणूंचा विचार केला. आता त्यांहून लहान वस्तूकडे वळू. तिच्या नावाची कथा ह्याहून विलक्षण आहे. १९४६ साली न्यूयॉर्क येथे अर्विन शारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट ह्यांनी, बिंबाणू काढून टाकलेला रक्तद्रव अतिवेगाने फिरविला. (हे शारगाफ म्हणजेच पुढे डीएनएच्या घटकांविषयीच्या नियमांमुळे प्रसिद्ध झालेले.) तळाशी जो अत्यल्प साका बसला तो काढून टाकल्यावर उरलेला द्रव साकळण्यास अधिक वेळ लागू लागला, साका परत मिसळला की वेळ कमी झाला. म्हणजे बिंबाणूंवाचूनही रक्त साकळविण्यास मदत करणारे काहीतरी द्रवात तरंगत होते. १९६७ साली ब्रिटनमधील पीटर वुल्फ ह्यांनी ते काहीतरी बिंबाणूंपासूनच निघालेले सूक्ष्म कण आहेत असे दाखविले आणि त्यांस नाव दिले : ‘बिंबाणूंची धूळ’.

धूळ! नाव चटकदार आहे, परंतु धुळीचे आपण काय करतो? झटकतो. वुल्फ ह्यांनी तिचे साकळविण्याचे सामर्थ्य जाणले होते. नावाने मात्र तिला केरात काढले. हे कण म्हणजे झिजलेल्या बिंबाणूंचा कचरा, ही समजूत पुढेही दीर्घकाळ टिकून राहिली. ती केवळ नावामुळे टिकली असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. ते कण पाहण्याची साधनेही तेव्हा अपुरी होती. तथापि साधने निर्माण करण्याची निकड वाटणे, हेही काही अंशी नावावर अवलंबून असते.

हे कण उत्पन्न कसे होतात? बिंबाणूचे आवरण स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे असते. फॉस्फॅटिडिल सेरीन नावाचा घटक एरवी आतल्या थरात राखलेला असतो, आणि त्यास तेथे राखण्यासाठी प्रथिने सतत राबत असतात. बिंबाणू उद्दीपित झाला आणि त्याच्या आत कॅल्शियम वाढले की हा बंदोबस्त उठतो. ‘स्क्रॅम्ब्लेज’ नावाची प्रथिने दोन्ही थर ढवळून टाकतात आणि आतला घटक बाहेर येतो. आतील आधाराची जाळी सैल होते, आवरणास फुगवटे येतात, आणि ते तुटून रक्तात सुटतात. हेच ते कण : एका मायक्रॉनच्या दशांशापासून सुमारे एक मायक्रॉनपर्यंत आकाराचे. बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिल सेरीनवर साकळण्याच्या प्रक्रियेतील घटक येऊन बसतात व त्यांचे काम वेगाने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनानुसार, क्षेत्रफळाच्या मानाने ह्या कणांचे पृष्ठ उद्दीपित बिंबाणूच्या पृष्ठापेक्षा पन्नास ते शंभर पट अधिक साकळक असते. धुळीच्या मानाने ही कर्तबगारी थोडी नव्हे.

ही कर्तबगारी रोगातही दिसते. शरीर स्वतःच्याच बिंबाणूंविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते असा एक विकार आहे. १७३५ साली वर्लहोफ ह्यांनी त्याचे वर्णन केले होते. पुढे त्याच्या नावात ‘इडिओपॅथिक’ म्हणजे ‘कारण अज्ञात’ असे विशेषण आले. १९५० साली विल्यम हॅरिंग्टन ह्यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले, काही तासांतच त्यांचे बिंबाणू कोसळले, आणि रक्तद्रवातील घटक हेच कारण असल्याचे दिसून आले. तरीही अज्ञानवाचक विशेषण नावात जवळजवळ साठ वर्षे नांदले. २००९ साली तज्ज्ञांनी त्याच्या जागी ‘इम्यून’ घातले, आणि आद्याक्षर तेच असल्यामुळे आयटीपी हे संक्षिप्त नाव कायम राहिले. परिभाषेच्या इतिहासात इतकी सोयीची दुरुस्ती क्वचितच आढळेल. ह्या विकारात काही रुग्णांचे बिंबाणू दहा-वीस हजारांवर आलेले असूनही त्यांस फारसा रक्तस्राव होत नाही. मायामी विद्यापीठातील संशोधकांनी १९९२ साली असे नोंदविले की, ज्यांच्या रक्तात बिंबाणूजन्य कण अधिक होते त्यांस रक्तस्राव कमी होता. नव्याने तयार होणारे बिंबाणू मोठे व अधिक कार्यक्षम असतात, हेही कारण आहेच. परंतु कणांचा वाटा दुर्लक्षिता येत नाही. उलट, १९७९ साली वर्णिलेल्या स्कॉट विकारात बिंबाणूंची संख्या ठीक असते, ते एकमेकांस धरतातही. पण फॉस्फॅटिडिल सेरीन बाहेर येत नाही, कण सुटत नाहीत, आणि रुग्णास रक्तस्राव होतो. ह्या विकारामागील दोष थर ढवळणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात आहे, हे २०१० साली जपानी संशोधकांनी दाखविले. म्हणजे आकडा कमी असून रक्त थांबते, आणि आकडा पुरेसा असून थांबत नाही. भाचीच्या कागदावरील ‘ॲडिक्वेट’ ह्या शब्दाचे मोल किती, हे ह्यावरून ध्यानात यावे.

ह्या कणांचे काम नेहमीच हितकारक असते असे मात्र नाही. दात्रकोशिकाजन्य पांडुरोगात (ज्यास सर्वत्र सिकल सेल म्हणतात आणि जो विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासी समाजांत मोठा प्रश्न आहे) तांबड्या कोशिकांपासूनही असे कण सुटतात, आणि नको तेथे रक्त साकळण्याच्या प्रवृत्तीत त्यांचा हात असावा असे मानतात. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला. तेथील रुचा पाटील, कांजाक्ष घोष, श्रीमती शेट्टी व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या रक्तात रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून निघालेले साकळक कण वाढलेले आढळले. ज्या स्त्रियांच्या दुःखास आपल्या समाजात नशीब किंवा दोष ह्यांपलीकडे नाव मिळत नाही, त्यांच्या बाबतीत मोजता येण्याजोगे काहीतरी हाती लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

मोजणे मात्र सोपे नाही. नेहमीच्या फ्लो सायटोमीटर यंत्रास ह्यांपैकी लहान कण दिसतच नाहीत; रक्त कसे काढले, किती वेळा फिरविले, गोठविले की नाही, ह्यांवर आकडा बदलतो; आणि नळीत राहून गेलेले बिंबाणूच नंतर नवे कण सोडून मोजणी फुगवितात. शिवाय निरोगी रक्तातील ज्या कणांस बिंबाणूजन्य म्हणत, त्यांतील पुष्कळसे थेट अस्थिमज्जेतील महाकोशिकांपासूनच येतात, असे २००९ साली दिसून आले. ह्या कारणांमुळे कणांचा आकडा अद्याप रोजच्या निदानाचे साधन झालेला नाही, आणि तूर्त व्हरांड्यात त्याची विचारणा होऊ लागली नाही हे बरेच आहे.

राहता राहिला नावाचा प्रश्न. धुळीच्या जागी इंग्रजीत ‘मायक्रोपार्टिकल’ आला. त्याचे मराठी ‘सूक्ष्मकण’ सहज होते. पण वृत्तपत्रांनी हा शब्द हवेतील प्रदूषणास देऊन टाकला आहे, आणि त्या वाटेने धूळ पुन्हा घरात येते. कण ह्या शब्दास आत-बाहेर नसते. ह्या वस्तूस आवरण आहे, आणि आत प्रथिने व आरएनए आहेत. ह्याच कारणास्तव ह्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘कोशिकेबाहेरील पुटिका’ ह्या अर्थाचे नाव पुरस्कारिले आहे. आपल्याकडे पुटिका हा शब्द आहेच. लेखकाचे मत असे की, लिहिताना बिंबाणू आणि बिंबाणुपुटिका हे शब्द वापरावेत. बोलताना प्लेटलेट हा शब्द निःसंकोचपणे मराठी समजावा, पेट्रोल आणि तिकीट ह्यांप्रमाणे. आणि बिंबाणू ह्या अर्थी ‘पेशी’ हा शब्द रुग्णालयांनी तरी टाकून द्यावा.

परंतु नामापेक्षा क्रियापद अधिक अवघड आहे. ह्या पुटिका बिंबाणूपासून ‘सुटतात’ असे वर लिहिले ते तात्पुरते. बोलीतले जवळचे क्रियापद ‘फुटणे’ हे आहे, आणि त्यास दोन अर्थ आहेत. मडके फुटते तेव्हा खापऱ्या उरतात. उसाला फुटवे फुटतात तेव्हा पीक वाढते. भाचीचा घोळणा फुटे तो पहिल्या अर्थाने. वुल्फ ह्यांच्या धुळीतही पहिलाच अर्थ होता. आजचे संशोधन बव्हंशी दुसऱ्या अर्थाच्या बाजूचे आहे, कारण उद्दीपित बिंबाणू ह्या पुटिका स्वतःच्या प्रक्रियेने, काहीएक काम घडविण्यासाठी सोडतो. आणि तरीही मरू घातलेल्या कोशिकांपासून नुसत्या खापऱ्या म्हणून निघणाऱ्या पुटिकाही त्याच रक्तात त्यांच्या शेजारी तरंगत असतात. दोहोंस वेगळे ओळखण्याचे खात्रीचे साधन प्रयोगशाळेजवळ अजून नाही. विश्वकोशातील ‘मुकुलन’ हा शब्द दुसऱ्या अर्थापुरता ठीक आहे. दोन्ही अर्थ एकत्र धरून ठेवणारे क्रियापद, आज आहे त्या ज्ञानास, ‘फुटणे’ हेच.